टीपी-लिंक आर्चर सी६ आणि घरातले स्मार्ट प्लग-बल्ब : २.४ ला वेगळं नाव द्या, मग बघा

साताऱ्याला आईबाबांच्या घरी गीझरला १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग, देवघरात आणि जिन्यात वायफायचे बल्ब, पुढच्या दारावर कॅमेरा आणि स्वयंपाकघरात इको डॉट (अॅमेझॉनचा अलेक्सावाला स्पीकर) असं सगळं आहे, आणि हे सगळं टीपी-लिंकच्या आर्चर सी६ या राउटरवर चालतं. पावसाळा, थंडी, लाइट जाणं-येणं सगळं बघून झालंय म्हणून आता निवांत लिहितोय. रिव्ह्यू राउटरचा आहे पण खरं तर मला स्मार्ट वस्तू राउटरला जोडायच्या भानगडीबद्दलच लिहायचंय, कारण लोक प्लग चांगला का बल्ब चांगला यावर तासन् तास व्हिडिओ बघतात आणि ज्या वायफायवर ते चालणार त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

आधी निकाल सांगून टाकतो. साधा, स्वस्त, स्मार्ट होमसाठी एकदम योग्य राउटर. दोन-अडीच हजारांच्या घरात मिळतो. वायफाय ५ वाला (म्हणजे पाचव्या पिढीचा) आहे, आजच्या हिशोबाने जुना, २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस असा कागदावरचा स्पीड (२.४ आणि ५ हे वायफायच्या लहरींचे दोन बँड, म्हणजे पट्टे), सगळे पोर्ट गिगाबिट. यूएसबी पोर्ट नाही, त्यामुळे हार्ड डिस्क लावून घरात पिक्चर बघायचा विचार असेल तर हा घेऊ नका. पण मी हा घेतला तो स्पीडसाठी नाहीच. दोन्ही बँडना वेगवेगळी नावं देता येतात, सिक्युरिटी आपल्या हाताने निवडता येते, चॅनल (बँडमधली लेन म्हणा) आपण ठरवू शकतो आणि एका क्लिकवर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकता येतो (म्हणजे तो नुसतं वायफाय पसरवतो, नेटवर्क नेटवाल्याचा डबाच सांभाळतो), म्हणून घेतला. या चार गोष्टी असल्या की स्मार्ट होमची नव्वद टक्के डोकेदुखी गेली म्हणून समजा.

आता डोकेदुखी नेमकी काय असते ते सांगतो. घरी फायबर आलं तेव्हा नेटवाल्याने त्याचा डबा लावून दिला (नाव घेत नाही, हे बऱ्याच कंपन्यांच्या डब्यांचं असंच असतं). डबा ड्युअल बँड, पण दोन्ही बँडचं नाव एकच. फोनला एकच वायफाय दिसतं आणि कुणाला २.४ वर ठेवायचं, कुणाला ५ वर टाकायचं ते डबाच ठरवतो. फोन, टीव्ही, लॅपटॉपसाठी हे छानच आहे. पण स्मार्ट प्लग, बल्ब, स्विच हे जवळपास सगळे फक्त २.४ वाले असतात, ५ गिगाहर्ट्झ त्यांना दिसतच नाही. खोक्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ओन्ली २.४ गिगाहर्ट्झ, आणि ते वाचायच्या आत खोकं रद्दीत गेलेलं असतं.

मग होतं काय, तुम्ही प्लग सॉकेटमध्ये लावता, बटण पाच-सहा सेकंद दाबून धरता, निळी लाइट भराभर लुकलुकायला लागते, अॅप उघडता, अॅप विचारतं कुठल्या वायफायला जोडू, आणि फोन ज्या वायफायवर आहे तेच नाव समोर येतं, पासवर्ड टाकता आणि ते गोल गोल फिरणारं चक्र शंभर टक्क्यांच्या जवळ जाऊन फेल म्हणतं. परत करा, परत फेल. कारण या भराभर लुकलुकण्याच्या मोडमध्ये फोन वायफायवरूनच नाव आणि पासवर्ड हवेत सोडत असतो आणि प्लग ते कान देऊन ऐकत असतो, आणि त्याचा कान फक्त २.४ ला आहे. फोन राउटरच्या जवळ असेल तर हमखास ५ वर बसलेला असतो. मग कधी जमतं, बऱ्याचदा जमत नाही, आणि जे कधी जमतं कधी नाही ते सगळ्यात वाईट, कारण माणसाला वाटतं वस्तूच खराब आहे. माझ्या डोळ्यासमोर शेजारच्या काकांनी चांगला चालणारा प्लग डिफेक्टिव्ह म्हणून परत पाठवलाय.

आमच्याकडे नेटवाल्याच्या कस्टमर केअरने सांगितलं, सर आमचा डिव्हाइस ड्युअल बँड आहे, प्रॉब्लेम तुमच्या प्लगचा आहे. प्लगवाल्यांनी सांगितलं प्रॉब्लेम राउटरचा आहे. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते आणि मध्ये गिऱ्हाईक लटकलेलं. डब्याच्या सेटिंगच्या पानात जाऊन नावं वेगळी करावीत म्हटलं तर ते ऑप्शनच कंपनीने लॉक केलेलं. याचा मला खरंच राग आहे. दर महिन्याला पैसे आपण भरायचे आणि आपल्याच घरातल्या वायफायचं नाव वेगळं करायला परवानगी नाही, हे बरोबर नाही.

म्हणून सी६. त्याच्या पानात स्मार्ट कनेक्ट नावाचं एक चौकोनी खूण करायचं ऑप्शन आहे, ते चालू केलं की दोन्ही बँडचं नाव एक होतं, बंद ठेवलं की दोन वेगळी नावं. ते बंद ठेवा. ५ ला एक नाव, २.४ ला दुसरं. फोन आधी २.४ वर आणायचा, प्लग जोडायचा, झालं की फोन परत ५ वर न्यायचा. हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही म्हणून परत सांगतो, नावं दोन असली तरी घरातलं नेटवर्क एकच असतं. प्लग २.४ वर आणि फोन ५ वर असला तरी दोघं एकमेकांशी व्यवस्थित बोलतात. जोडायच्या वेळेपुरतंच फोनला खाली आणायचं, नंतर आयुष्यभर नाही.

यातली सगळ्यात कामाची युक्ती म्हणजे, नवीन राउटर आणलात आणि जुन्या वायफायवर आधीच काही बल्ब-प्लग जोडलेले असतील तर नवीन राउटरच्या २.४ ला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अगदी स्पेलिंग, कॅपिटल-स्मॉल सकट, सिक्युरिटीसुद्धा तीच ठेवा. त्या वस्तूंना राउटर बदलल्याचं कळतसुद्धा नाही, आपोआप येऊन चिकटतात. नवं नाव ५ ला द्या, फोन-टीव्हीला पासवर्ड टाकणं सोपं असतं. नाहीतर स्टुलावर चढून एकेक बल्ब चालू-बंद चालू-बंद करून रिसेट करत बसावं लागतं. आणि हे करताना जुन्या डब्याचं वायफाय बंद करायला विसरू नका, नाहीतर एकाच नावाची दोन वायफाय होतात आणि कोण कुठे चिकटलंय ते कळत नाही.

आता लोक विचारतात की हे प्लगवाले ५ गिगाहर्ट्झ का देत नाहीत, एवढं जग पुढे गेलं. साधं कारण पैसा. २०१४ च्या सुमारास एस्प्रेसिफ या चिनी कंपनीची ईएसपी८२६६ ही अतिशय स्वस्त वायफाय चिप बाजारात आली, ती फक्त २.४ वाली, आणि स्वस्त स्मार्ट वस्तूंचा बाजार अशाच चिपांवर उभा राहिलाय. शिवाय प्लगला काम काय, चालू हो, बंद हो, किती वॅट चाललेत ते सांग. त्याला ८६७ एमबीपीएस घेऊन काय करायचंय. आणि दुसरं म्हणजे पोच. २.४ ची लाट भिंतीतून जास्त आत जाते. साताऱ्याच्या घराचा पुढचा भाग नवा, विटांचा आहे पण मागची मोरी आणि कोठार जुन्या दगड-मातीच्या जाड भिंतींचं. पुढच्या खोलीत ठेवलेल्या राउटरचं ५ गिगाहर्ट्झ मागच्या दारापर्यंत फोनवर दिसतं न दिसतं, आणि २.४ तिथं अजून चालतं. गीझर तिथंच आहे. त्यामुळे २.४ हा काही मागासलेपणा नाही, या कामासाठी तोच बरोबर आहे.

सिग्नल किती पोचतोय हे अंदाजाने सांगू नका, बहुतेक अॅपमध्ये त्या वस्तूच्या माहितीत आकडा दिसतो, उणे अमुक डीबीएम असा. उणे ६० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ७० पर्यंत चालून जातं, उणे ८० च्या पलीकडे गेला की वस्तू दिवसातून चारदा ऑफलाइन दिसणार आणि तुम्ही त्या कंपनीला नावं ठेवणार. आमच्या गीझरचा प्लग आधी उणे ८० च्या पार होता. राउटर टीव्हीच्या मागून काढून तीन-चार फूट बाजूला, उंच, पुस्तकांच्या फळीवर ठेवला आणि आकडा सत्तरच्या आत आला. काही विकत घ्यावं लागलं नाही. टीव्हीच्या मागे राउटर ठेवायची जी पद्धत पडलीय ना ती मोडा, मोठा टीव्ही म्हणजे सिग्नलसमोर पत्राच.

२.४ चा एक खरा तोटा म्हणजे गर्दी. शेजारचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे तिथंच. आपल्याकडे १ ते १३ चॅनल वापरता येतात पण एकमेकांच्या अंगावर न येणारे नेहमीचे तीनच, १, ६ आणि ११. सी६ मध्ये चॅनल ऑटोवर असतो, तो मी बदलून या तिघांपैकी जो सगळ्यात मोकळा होता तो पक्का केलाय, फोनवर फुकट अॅनालायझर अॅप मिळतं त्यात दिसतं शेजारी कुठे बसलेत ते. १२-१३ च्या वाटेला जाऊ नका, काही स्मार्ट वस्तूंना ते चॅनल दिसत नाहीत. आणि चॅनलची रुंदी २० वर ठेवा, ४० वर ठेवून बिल्डिंगमध्ये फायदा शून्य, त्रास मात्र सगळ्यांना.

सिक्युरिटीचं पण सांगतो. नवीन राउटर डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) दाखवतात आणि माणसाला वाटतं जे नवं ते चांगलं. चांगलं आहेच, पण फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलंत तर जुने बल्ब-प्लग दारातूनच परत जातात. २.४ वर डब्ल्यूपीए२ एईएस ठेवा आणि पासवर्ड लांब ठेवा. वायफायचं नाव इंग्रजी अक्षरात, साधं, स्पेस नाही, इमोजी नाही. देवनागरीत नाव ठेवायची हौस मलाही आहे, ती ५ वर भागवा, कारण २.४ वरच्या काही वस्तू असल्या नावावर अडतात. वायफाय लपवून ठेवायचं ऑप्शन जोडणी होईपर्यंत तरी बंद. आणि अँड्रॉइड फोनवर जोडताना लोकेशन चालू पाहिजे, नाहीतर अॅपला वायफायचं नावच वाचता येत नाही. व्हीपीएन असेल तर ते पण तेवढ्यापुरतं बंद करा.

तरीही जमलं नाही तर दुसरा मोड आहे तो वापरा. बटण परत दाबून धरलं की बऱ्याच प्लगांची लाइट भराभरच्या ऐवजी हळू हळू लुकलुकायला लागते, म्हणजे प्लगने स्वतःचं छोटं वायफाय सुरू केलं. फोन त्या वायफायला जोडायचा, फोन म्हणेल इथं इंटरनेट नाही, म्हणू दे, मोबाइल डेटा बंद ठेवायचा आणि अॅपमध्ये परत यायचं. हा रस्ता सावकाश आहे पण पक्का आहे, कारण इथं फोन आणि प्लग थेट समोरासमोर बोलतात. हल्लीच्या वस्तूंमध्ये पहिली ओळख ब्लूटूथवर होते, तिथं हे सगळं बरंच सोपं झालंय, पण शेवटी वायफाय मात्र २.४ चंच लागतं.

आता तो अॅक्सेस पॉइंट मोड, हा मुद्दा नीट वाचा. नेटवाल्याच्या डब्यामागे आपला राउटर जसाच्या तसा लावला तर घरात दोन वेगळी नेटवर्क होतात. कुणाचा फोन डब्याच्या वायफायवर, प्लग आपल्या राउटरवर, मग फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकावा तर टीव्ही दिसत नाही, कॅमेरा मधेच सापडत नाही, आणि सगळे एकमेकांना विचारतात तुझं चालतंय का. सी६ ला अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, डब्याचं वायफाय बंद करा, डब्यातून एक लॅन केबल सी६ ला. बास. घरात एकच नेटवर्क, एकच मालक. नेटवाला डबा ब्रिज मोडमध्ये (डबा नुसतं नेट पुढे देतो, राउटरचं काम सी६ करतो) टाकून द्यायला तयार असेल आणि नेटचा लॉगिन-पासवर्ड देत असेल तर ते आणखी चांगलं, पण त्यासाठी फोनवर भांडण्यात वेळ घालवायचा नसेल तर अॅक्सेस पॉइंट मोड पुरेसा आहे.

गीझरबद्दल दोन शब्द, कारण ही वस्तू गंमत नाही. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, ३००० वॅटचा इन्स्टंट असेल तर १३ अँपिअर. त्यामुळे १६ अँपिअरचाच प्लग घ्या, जाड पिनवाला. १० अँपिअरचा प्लग अडॅप्टर लावून गीझरला जोडलेला मी बघितलाय, कृपा करून असं करू नका, वितळतो. प्लग बाथरूमच्या बाहेरच्या सॉकेटवर पाहिजे, आत वाफेत नाही. आणि अॅपमध्ये लाइट गेल्यानंतर काय करायचं असं एक सेटिंग असतं, चालू राहा, बंद राहा, आधी होता तसा राहा. गीझरला बंद राहा हेच निवडा. साताऱ्याकडे पावसात लाइट जाते-येते, पहाटे लाइट आली आणि गीझर कुणाला न कळता चालू झाला असं व्हायला नको. ऊर्जा मोजणारा प्लग असेल तर एक गोष्ट कळते ती मला फार आवडली, थंडीत २५ लिटरची टाकी आंघोळीला लागेल इतकी तापवायला साधारण एक युनिट लागतं, म्हणजे २००० वॅटच्या गीझरला अर्धा तास. आधी आमच्याकडे गीझर उठल्यापासून सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत चालूच असायचा. आता पहाटे ठरलेल्या वेळी लागतो, ठरलेल्या वेळी बंद.

आईला अॅप नको असतं, ती इको डॉटला हिंदीत सांगते, अलेक्सा, गीझर चालू करो. अलेक्सा हिंदी २०१९ पासून समजते, मराठीत असं घरातलं काम सांगता येत नाही आणि ते यायला पाहिजे, एवढी कोट्यवधी माणसं आहेत भाषेची. वस्तूचं नाव अॅपमध्ये देताना आई तोंडाने म्हणते तेच द्या. प्लगचं कंपनीवालं लांबलचक नाव ठेवलंत तर घरातलं कुणीच वापरणार नाही. बाबा पहिल्यांदा म्हणाले होते, "आरं, लाइट गेल्यावर ह्याचं काय?" आणि तो प्रश्न एकदम बरोबर होता, म्हणून डबा आणि सी६ दोन्हीला राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस लावला. तरी इंटरनेटच गेलं तर प्लगवरचं बटण हाताने दाबता येतं, हे घरात सगळ्यांना आधीच दाखवून ठेवा.

बल्बचं थोडक्यात. आपल्याकडचा होल्डर बहुतेक पिनवाला, बी२२, तोच बघून घ्या, चुडीवाला आला तर अडॅप्टर शोधत बसाल. पण मला विचाराल तर रोजच्या खोल्यांमध्ये स्मार्ट बल्ब घेऊच नका, भिंतीवरचं बटण कुणीतरी सवयीने बंद करतंच आणि बल्ब ऑफलाइन होतो. त्याऐवजी बोर्डाच्या आत बसणारा स्मार्ट स्विच मॉड्यूल बरा, बटणही चालतं आणि फोनही. त्याला न्यूट्रल वायर लागते, आणि आपल्याकडे बोर्डातच सॉकेट असलं की न्यूट्रल तिथं आलेली असते, त्यामुळे अडचण कमी. वायरमनकडूनच बसवा. जिना आणि देवघर इथं बल्ब चालतात कारण तिथलं बटण कायम चालू ठेवता येतं.

कॅमेऱ्याला मात्र २.४ वर जपून. एक कॅमेरा आरामात चालतो, चार-पाच लावलेत तर तेच हवेतली सगळी जागा खातात आणि मग बल्ब उशिरा लागायला लागतात. जास्त कॅमेरे हवे असतील तर ५ गिगाहर्ट्झ चालणारे घ्या किंवा केबलवाले घ्या.

सी६ कुणी घेऊ नये तेही सांगतो. तीन मजली बंगला असेल तर एका राउटरने भागणार नाही, मेश (मिळून एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे) घ्या. ज्यांचा प्लॅन पाचशे एमबीपीएसच्या पुढे आहे आणि घरात सगळे नवे फोन आहेत त्यांनी वायफाय ६ वाला बघावा. फक्त काही मेश सेटमध्ये दोन बँडची नावं वेगळी करताच येत नाहीत, तिथं स्मार्ट वस्तूंसाठी वेगळं आयओटी नेटवर्क काढायचं ऑप्शन आहे का ते आधी बघा, टीपी-लिंकच्याच डेको मालिकेत तसं ऑप्शन येतं. वायफाय ६ च्या राउटरवर जुना प्लग अडला तर ऑनलाइन उपाय शोधत न बसता २.४ चा मोड एक पायरी खाली आणा, म्हणजे एएक्स (वायफाय ६) काढून बीजीएन (जुन्या पिढ्या) ठेवा, आणि परत जोडून बघा.